आवाज थोपवून धरण्याची कला

ज्यांनी म्हणून सह्याद्रीतला एखादा किल्ला पाहिला आहे, त्यांनी कड्यासमोर उभे राहून एकदा तरी हाक मारलेली असते आणि ती परत आलेली ऐकून आनंद मानलेला असतो. विजापूरच्या गोलघुमटात तर लोक मुद्दाम त्याचसाठी जिने चढून वर जातात. १६५६ च्या सुमारास पुऱ्या झालेल्या त्या घुमटाच्या सज्जात एका बाजूस केलेली कुजबुज समोरच्या बाजूस ऐकू येते आणि एक टाळी अनेक वेळा परत येते. आपल्या भाषेने या गोष्टीला ‘पडसाद’ असा सुरेख शब्द दिला आहे.

या चमत्काराचे गणित सोपे आहे. साधारण उष्ण हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. परत आलेला शब्द मूळ शब्दापासून निराळा ऐकू यावयास सुमारे एक दशांश सेकंदाचे अंतर लागते. तेवढ्या वेळात आवाज ३४ मीटर चालतो. म्हणजे जाऊन येण्याचा हिशेब धरता भिंत निदान १७ मीटर लांब हवी. सतराव्या शतकात फ्रान्समधील मेर्सेन या धर्मोपदेशक शास्त्रज्ञाने हाच हिशेब उलटा मांडला होता. प्रतिध्वनी परत यावयास किती वेळ लागतो ते पाहून त्याने ध्वनीचा वेग काढण्याचा प्रयत्न केला. हिशेब कोणत्याही बाजूने मांडा, तात्पर्य एकच: जागा नसेल तर पडसाद नाही.

आज मात्र बोटाच्या पेराएवढी, सोळा पायांची एक काळी चिप मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून थोड्या रुपयांत विकत आणता येते आणि ती बसवली की दहा बाय दहाच्या खोलीतला आवाजही दरीतून आल्यासारखा वाटतो. दरी या चिपमध्ये कशी शिरली, हा आमच्या निबंधाचा विषय आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे, की प्रतिध्वनी देणाऱ्या प्रत्येक यंत्राला एकच काम करावे लागते: आलेला आवाज काही काळ धरून ठेवायचा आणि मग सोडायचा. धरून ठेवणे म्हणजे लक्षात ठेवणे. म्हणून प्रतिध्वनीच्या यंत्रांचा इतिहास हा वास्तविक यंत्रांच्या स्मरणशक्तीचा इतिहास आहे.

जागेची उसनवारी

आरंभी माणसाने आवाज धरून ठेवला तो जागेतच. विसाव्या शतकात नभोवाणी आणि ध्वनिमुद्रण यांचा उदय झाला, तेव्हा बंदिस्त स्टुडिओतला कोरडा आवाज ऐकणाऱ्यांना निर्जीव वाटू लागला. त्यावर उपाय म्हणून स्टुडिओंनी एक रिकामी, गुळगुळीत भिंतींची खोली वेगळी राखली. तिच्या एका कोपऱ्यात लाऊडस्पीकर आणि दुसऱ्या कोपऱ्यात मायक्रोफोन ठेवायचा. गाणे त्या खोलीत सोडायचे, घुमलेले उचलायचे आणि मूळ गाण्यात थोडे मिसळायचे. १९४७ साली शिकागो येथे बिल पटनम या तंत्रज्ञाने ‘हार्मोनिकॅट्स’ या वाद्यमेळाच्या मुद्रणासाठी चक्क स्नानगृहाचा असा उपयोग केला आणि ती तबकडी अमेरिकेत विलक्षण खपली.

ज्यांच्याजवळ खोली नव्हती त्यांनी धातू वापरला. बेल टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत लांब पल्ल्याच्या तारांवर बोलण्याला होणारा विलंब अभ्यासण्याकरिता स्प्रिंगा वापरल्या जात. लॉरेन्स हॅमंड याने ती युक्ती आपल्या विजेच्या ऑर्गनसाठी उचलली. १९५७ साली जर्मनीतील ईएमटी या कंपनीने दोन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि अर्धा मिलिमीटर जाड असा पोलादी पत्रा चौकटीत ताणून बसवला व त्याच्या कंपनांतून मोठ्या सभागृहाचा भास निर्माण केला.

परंतु खोली, स्प्रिंग आणि पत्रा या तिन्हींत एक उणीव होती. त्यांतून मिळे ती घुमणूक. एकात एक मिसळलेल्या असंख्य पडसादांचा तो धूसर ढग असे. ‘ही माझी हाक, आणि हे तिचे उत्तर’ असे स्पष्ट उत्तर त्यांतून मिळत नसे आणि ते अमुक इतक्या वेळानेच यावे अशी आज्ञाही त्यांना करता येत नसे. आवाज साठवला जात होता, पण त्या साठ्यावर आपला ताबा नव्हता.

फितीवरची आठवण

तो ताबा चुंबकाने दिला. १८९८ साली डेन्मार्कमधील वाल्डेमार पोल्सन याने पोलादी तारेवर आवाज चुंबकाच्या रूपात उमटवून दाखवला. १९२८ मध्ये फ्रिट्झ फ्लॉयमर याने कागदी फितीवर चुंबकीय भुकटी बसवली आणि १९३५ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात एईजी कंपनीने ‘मॅग्नेटोफोन’ हे फितीचे यंत्र लोकांपुढे मांडले. दुसऱ्या महायुद्धानंतर ही विद्या अमेरिकेत गेली आणि १९४८ पासून अ‍ॅम्पेक्स कंपनीची यंत्रे तेथील स्टुडिओंत दिसू लागली.

या यंत्रात आवाज उमटवणारे डोके एक आणि वाचणारे डोके त्याच्या थोडे पुढे, वेगळे असते. फीत पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत जाण्यास जो क्षणभर वेळ लागतो, तोच विलंब. फीत सेकंदाला १९ सेंटिमीटर चालत असेल आणि दोन डोक्यांत अडीच सेंटिमीटर अंतर असेल, तर आवाज सुमारे ०.१३ सेकंद उशिरा बाहेर येईल. म्हणजे २२ मीटर दूरचा कडा अडीच सेंटिमीटरमध्ये येऊन बसला! १९५४ साली मेंफिस शहरातील सन स्टुडिओत सॅम फिलिप्स याने एल्विस प्रेस्ली या तरुण गायकाचे मुद्रण केले, त्या काळच्या तेथील मुद्रणांत आवाजाच्या पाठोपाठ चापटी मारल्यासारखा येणारा पडसाद याच युक्तीचा होता.

पुढची पायरी अशी, की वाचलेला आवाज थोडा कमी करून पुन्हा उमटवणाऱ्या डोक्याकडे पाठवायचा. प्रत्येक फेरीत तो निम्मा होत असेल तर दुसरा पडसाद पहिल्याच्या निम्मा, तिसरा त्याच्या निम्मा, असे करत तो विरून जातो. हा परतावा एकाच्या वर गेला, म्हणजे प्रत्येक फेरीत आवाज घटण्याऐवजी वाढू लागला, तर यंत्र ओरडत सुटते. विरणे आणि ओरडणे यांच्यामधली ही बारीक रेषा प्रतिध्वनीच्या प्रत्येक यंत्रात आढळते. सभेत माइक लाऊडस्पीकरसमोर आला की जी किंकाळी उठते, तीही या रेषेपलीकडचीच. १९५८ मध्ये लंडनच्या चार्ली वॉटकिन्सचे ‘कॉपीकॅट’, नंतर अमेरिकेतले ‘एकोप्लेक्स’ आणि १९७४ मधले जपानच्या रोलंड कंपनीचे ‘स्पेस एको’ ही सारी यंत्रे या तत्त्वावर चालली. त्यांची खोड एकच: फीत झिजे, ताणली जाई, धूळ खाई. यंत्राची आठवण होती, पण ती घासून पुसट होत असे.

शेवटच्या रांगेतल्या श्रोत्यासाठी

हा सारा खटाटोप केवळ गाण्यांच्या शृंगारासाठी होता असा समज होण्याचा संभव आहे. तो बरोबर नाही. विलंबाचा अत्यंत गंभीर उपयोग आपल्यासारख्या व्याख्यान ऐकणाऱ्या मंडळींसाठीच झाला.

लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये आवाज इतका घुमे की प्रवचनाचे शब्द मागे बसणाऱ्यांना लागत नसत. मागे लाऊडस्पीकर लावले तर नवी अडचण येते. विजेच्या तारेतून आवाज तत्क्षणी मागच्या कर्ण्यातून बाहेर पडतो आणि वक्त्याचा खरा आवाज हवेतून रमतगमत नंतर पोचतो. ३४ मीटर मागे बसलेल्या श्रोत्याला प्रत्येक शब्द दोनदा, एक दशांश सेकंदाच्या अंतराने ऐकू येतो आणि शब्दावर शब्द चढतो. १९५० च्या दशकाच्या आरंभी पार्किन आणि टेलर या तंत्रज्ञांनी यावर तोडगा काढला. त्यांनी मागच्या लाऊडस्पीकरांकडे जाणारा आवाज चुंबकीय लेपाच्या फिरत्या चाकावरून नेऊन मुद्दाम उशिरा सोडला.

त्यामागे मानवी कानाविषयीचा एक शोध होता. १९४९ साली गटिंगेन येथे हेल्मूट हास याने आपल्या प्रबंधात दाखवले, की तोच आवाज दोन ठिकाणांहून थोड्या सेकंद-सहस्रांशांच्या फरकाने आला, तर कान त्यांना एकच समजतो आणि जो आधी आला त्याच्याच दिशेने आवाज आला असे मानतो. मग उशिराचा आवाज काहीसा मोठा असला तरी हरकत नाही. म्हणून मागचा लाऊडस्पीकर वक्त्याच्या खऱ्या आवाजापेक्षा किंचित उशिरा बोलू लागला, की श्रोत्याला शब्द मोठा ऐकू येतो आणि तरीही तो व्यासपीठावरून आल्यासारखा वाटतो. मदत करणारा मागे राहतो, बोलणारा पुढे दिसतो. विलंबाने पडसाद निर्माण होतो हे खरेच. पण योग्य मापाने दिलेला विलंब पडसाद नाहीसाही करतो, हे येथे प्रथम पुरतेपणी सिद्ध झाले.

बादल्यांची साखळी

आता फिरणारी चाके आणि झिजणाऱ्या फिती टाकून आवाज धरण्याचा प्रश्न होता. हॉलंडमधील आइंडहोवन येथे फिलिप्स कंपनीची प्रयोगशाळा आहे. तेथील सँगस्टर आणि टेअर यांनी १९६९ मध्ये एक नवी रचना प्रसिद्ध केली. आग लागली असता माणसे रांगेत उभी राहून पाण्याच्या बादल्या हातोहात पुढे देतात, त्यावरून तिचे नाव पडले. बादलीच्या जागी विजेचा भार साठवणारे इवलेसे कपॅसिटर आणि माणसाच्या जागी ट्रान्झिस्टर. घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला आवाजाचा एक घोट पुढच्या बादलीत ओतला जातो. पुढची बादली रिकामी असल्यावाचून ओतता येत नाही, म्हणून एका वेळी निम्म्याच बादल्या भरलेल्या असतात. जपानच्या मात्सुशिता कंपनीच्या एमएन ३००५ या चिपमध्ये अशा ४,०९६ बादल्या होत्या. सेकंदाला दहा हजार ठोके दिले की आवाज ०.२ सेकंदाने आणि एक लक्ष ठोके दिले की ०.०२ सेकंदाने बाहेर पडे.

हलणारा एकही भाग नाही, हा मोठा लाभ होता. पण हजारदा ओतलेले पाणी थोडे सांडणारच. भार गळे, खरखर मिसळे आणि पडसाद जसजसा लांबे तसतसा तो मंद व काळवंडलेला होई. काही वादकांना हा काळवंडलेला रंगच प्रिय झाला, ही गोष्ट निराळी.

आवाजाचे अंक

सांडणे टाळावयाचे तर पाणी न देता पाण्याचे माप लिहून दिले पाहिजे. ही कल्पना अलेक रीव्हज या इंग्रज अभियंत्याची. पॅरिसमधील प्रयोगशाळेत काम करताना १९३७-३८ च्या सुमारास त्याने सुचवले, की आवाजाची उंची ठरावीक वेळाने मोजावी, ते माप केवळ ‘आहे’ आणि ‘नाही’ अशा दोन खुणांत लिहावे आणि आवाजाऐवजी त्या खुणाच तारेवरून पाठवाव्यात. खूण अंधुक झाली तरी ‘आहे’ की ‘नाही’ एवढे ओळखता येते. म्हणून ती हजारदा नकलली तरी बिघडत नाही. रीव्हज यांच्या हयातीत ट्रान्झिस्टर आला, तरी आरंभीची पुष्कळ वर्षे ही कल्पना काळाच्या पुढे राहिली.

तिचा पडसादासाठी उपयोग १९७१ साली झाला. अमेरिकेत लेक्सिकन कंपनीचे ‘डेल्टा टी १०१’ आणि इव्हेंटाइड कंपनीचे ‘१७४५’ अशी दोन यंत्रे त्या वर्षी पुढे आली. आवाजाचे अंक करून ते स्मृतीत ठेवायचे आणि वेळ झाली की त्यांचा पुन्हा आवाज करायचा, एवढे त्यांचे काम. सेंट पॉलमधल्या फिरत्या चाकाचे काम आता ती करू शकत होती. २८ जुलै १९७३ रोजी न्यूयॉर्क राज्यातील वॉटकिन्स ग्लेन येथे सुमारे सहा लाखांचा समुदाय एका संगीत-मेळाव्यास जमला. एवढ्या पसरलेल्या मैदानात मधोमध उभ्या केलेल्या लाऊडस्पीकरांचा आवाज व्यासपीठावरच्या आवाजाशी जुळवून घेण्यासाठी इव्हेंटाइडची यंत्रेच वापरली होती.

पण स्मृती महाग होती. १९७० साली इंटेल कंपनीने विक्रीस काढलेल्या ११०३ या चिपमध्ये फक्त १,०२४ खुणा मावत. आज घरोघर माहीत असलेल्या सीडीच्या १९८२ मधील मापाने एका सेकंदाच्या एकपदरी आवाजाला ७,०५,६०० खुणा लागतात. यावरून स्वस्त पडसाद ही किती दूरची गोष्ट होती, हे कळेल.

एकाच प्रश्नाची युक्ती

जेथे साठा वाढवता येत नाही तेथे खर्च कमी करावा, हा प्रपंचातला नियम येथेही लागू पडला. पॅरिसच्या ज्या उद्योगसमूहात रीव्हज होते, तेथेच १९४६ मध्ये एका काटकसरीच्या पद्धतीचे पेटंट घेतले गेले, आणि आइंडहोवनच्या फिलिप्समधील डी यागर यांनी १९५२ मध्ये तिचे सविस्तर विवेचन केले. तिला ‘डेल्टा मॉड्युलेशन’ म्हणतात. या पद्धतीत आवाजाची पूर्ण उंची मोजत नाहीत. प्रत्येक ठोक्याला एकच प्रश्न विचारतात: ‘आवाज माझ्या अंदाजाच्या वर आहे की खाली?’ वर असेल तर ‘एक’ लिहायचे आणि अंदाज एक पायरी चढवायचा. खाली असेल तर ‘शून्य’ लिहायचे आणि एक पायरी उतरवायचा. दाट धुक्यात घाट चढणारा माणूस काठीने चाचपत पुढे जातो, तसाच हा प्रकार. प्रत्येक पावलाला उत्तर एका खुणेचे, पण पावले भरभर टाकली तर घाटाचा सारा आकार हाती येतो. चढ फार उभा आला तर लहान पायरी अपुरी पडते. म्हणून तीच ती उत्तरे लागोपाठ येऊ लागताच पायरी मोठी करायची आणि सपाटी आली की लहान करायची, अशी सुधारणा पुढे झाली.

या युक्तीला मोठी बाजारपेठ मिळाली ती जपानच्या कराओकेमुळे. १९७१ साली कोबे शहरातील दाइसुके इनोउए याने साथीची मुद्रित वाद्ये वाजवणारे नाणे-यंत्र तयार केले आणि सामान्य माणूस माइक हाती घेऊन गाऊ लागला. हौशी गळ्याला पडसादाचा आधार फार उपकारक होतो; सूर थोडा डळमळला तरी मागून येणारी सावली तो झाकून घेते. तेव्हा प्रत्येक कराओके यंत्रात बसेल असा स्वस्त पडसाद हवा होता. जपानच्या मित्सुबिशीने त्यासाठी डिजिटल चिप काढल्या. आणि तैवानमधील प्रिन्स्टन टेक्नॉलॉजी या कंपनीची पीटी २३९९ ही चिप तर जगभर पसरली. लॅमिंग्टन रोडवरची जी चिप आम्ही वर सांगितली ती हीच.

हिच्या पोटात चार गोष्टी एकत्र आहेत: वरील प्रश्न विचारणारा भाग, ४४ किलोबिटांची म्हणजे सुमारे ४५,००० खुणांची स्मृती, खुणांचा पुन्हा आवाज करणारा भाग आणि ठोके देणारे घड्याळ. इंटेलच्या त्या ११०३ च्या चव्वेचाळीस चिपांचा साठा येथे एका कोपऱ्यात आहे. ही स्मृती आपल्या मळ्यातल्या रहाटगाडग्यासारखी चालते. एक गाडगे वर आले की त्यातले एका फेरीपूर्वीचे पाणी ओतून घ्यायचे आणि त्याच गाडग्यात नवे भरून सोडायचे. फेरीला जितका वेळ, तितका विलंब. गाडगी वाढवता येत नाहीत. रहाट हळू किंवा जलद फिरवता येतो. चिपच्या सहाव्या पायाला जोडलेला एक रेझिस्टर हा वेग ठरवतो. तो अर्धा किलोओहम असेल तर घड्याळ सेकंदाला २ कोटी २० लाख ठोके देते आणि विलंब ०.०३१ सेकंद होतो, २७.६ किलोओहम असेल तर ठोके २० लाखांवर येतात आणि विलंब ०.३४२ सेकंद होतो. दऱ्यांच्या भाषेत सांगायचे तर पाच मीटरवरच्या भिंतीपासून अठ्ठावन्न मीटरवरच्या कड्यापर्यंतचे सारे पडसाद एका फिरकीत आले. दुसरी फिरकी परताव्याची. ती बाहेर आलेला आवाज किती प्रमाणात पुन्हा आत पाठवायचा ते ठरवते, आणि विरणे व ओरडणे यांच्यातली जुनी रेषा येथेही तशीच आहे.

काटकसरीची किंमत मात्र द्यावी लागते. विलंब सर्वांत लांब ठेवला की प्रत्येक सेकंदाच्या वाट्याला सुमारे १,३०,००० खुणाच येतात. म्हणजे सीडीच्या पंचमांशाहूनही कमी. उत्पादकाच्याच आकड्यांप्रमाणे आवाजातील विकृती ०.१३ टक्क्यांवरून एका टक्क्यावर जाते. म्हणून मंडलात पुढेमागे गाळण्या बसवून तीक्ष्ण सूर कापून टाकावे लागतात. साठा ठरलेला असला की थोडे स्पष्ट लक्षात ठेवा किंवा पुष्कळ अंधुक लक्षात ठेवा. दोन्ही एकदम मिळत नाही. बादल्यांच्या साखळीचाही नियम हाच होता.

मापाचा प्रश्न

या इतिहासात आम्हांला एक गोष्ट विशेष विचार करण्याजोगी वाटते. घुमणारा आवाज हे एके काळी सत्तेचे आणि संपत्तीचे लक्षण होते. तो मिळवण्यासाठी आदिलशहाला घुमट बांधावा लागला, लंडनकरांना कॅथीड्रल उभारावे लागले. नंतर तो मोठ्या स्टुडिओंच्या हाती गेला आणि आता तो कोणाच्याही हाती आहे. गावच्या उत्सवातला निवेदक, वाढदिवसाला गाणारा शाळकरी मुलगा, घरी बसून गिटारसाठी पेटी जोडणारा विद्यार्थी, या सर्वांना घुमट मिळाला. यात आम्हांला वाईट वाटण्यासारखे काही दिसत नाही. विद्येचा प्रवास असाच व्हावा.

परंतु साधन स्वस्त झाले की त्याचे माप सुटते. ‘इको’ लिहिलेली फिरकी शेवटापर्यंत पिळली म्हणजे भाषण भारदस्त होते अशी एक समजूत उत्सवांच्या मांडवांत आढळते. निवेदक हरवलेल्या मुलाचे नाव सांगतो आणि ते तिसऱ्या पडसादात बुडून जाते. आईला मात्र ते नाव पहिल्याच वेळी स्पष्ट ऐकू यावयास हवे असते. गाण्याला जी सावली शोभा देते तीच शब्दाला गिळते, कारण गाण्याचा स्वर लांब असतो आणि व्यंजन क्षणाचे असते. ज्या विलंबाने सेंट पॉलच्या शेवटच्या रांगेत शब्द पोचवला, तोच विलंब बेमाप वापरला तर पहिल्या रांगेतही शब्द पोचू देत नाही.

चिपला यातले काही ठाऊक नसते. तिच्याजवळ पंचेचाळीस हजार खुणांची जागा आहे आणि तिच्यात काय व किती वेळ ठेवायचे हे फिरकीवरच्या हाताने ठरवायचे आहे. तो हात शब्द ऐकणाऱ्या माणसाचा विचार करून फिरावा, एवढेच आमचे मागणे आहे.